दोष बायकांच्या मनात शोधू नका

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी एचपीव्ही या विषाणूवरची लस घेत नाहीत, कारण त्यांचा डॉक्टरांवर विश्वास नाही. हे विधान गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतक्यांदा छापून आलं आहे की आता त्याला कुणी पुरावाही मागत नाही. परिषदांमधल्या भाषणांत ते प्रास्ताविकातच येतं, आरोग्य पुरवण्यांत येतं, तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही गप्पांच्या ओघात ते सहज बोलून जातात. मागोमाग दोन ठरलेली कारणं येतात: एक टस्कीगीत कृष्णवर्णीयांवर झालेला सिफिलिसचा प्रयोग आणि दुसरं 'त्यांची संस्कृती'. मला हे विधान मान्य नाही. त्यातलं निम्मं चुकीचं आहे, आणि जे निम्मं खरं आहे त्याच्या आड, ज्यांनी उत्तर द्यायचं ते लपून बसतात.

आधी मृत्यूंचं बघू. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त मरतात, हे जुनंच ठाऊक होतं. 2017 साली एका अभ्यासाने हिशोबातली एक चूक दुरुस्त केली. ज्या बायकांची पिशवी आधीच काढून टाकलेली आहे त्यांना हा कॅन्सर होण्याचा प्रश्न उरत नाही, तरी दर काढताना त्या धरल्या जात होत्या. त्यांना वगळल्यावर कृष्णवर्णीय स्त्रियांमधला मृत्युदर लाखामागे 5.7 वरून 10.1 वर गेला आणि गोऱ्या स्त्रियांचा 3.2 वरून 4.7 वर. म्हणजे दुपटीहून जास्त अंतर. ही आकडेवारी 2000 ते 2012 या वर्षांची आहे. लस अमेरिकेत आली जून 2006 मध्ये, तीही 9 ते 26 वयाच्या मुलींसाठी. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात, आणि सर्वांत मोठी तफावत दिसली ती म्हाताऱ्या बायकांत. त्या आकड्यातल्या बायका लस नाकारून मेलेल्या नाहीत. त्यांच्या वयाला लस नव्हतीच. पॅप तपासणीचा अहवाल बिघडलेला आल्यावर पुढची तपासणी वेळेत झाली नाही, विमा नव्हता, जवळ स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता, निदान उशिरा झालं आणि उपचार अर्धे मिळाले, अशा मार्गाने त्या मेल्या. जॉर्जियात 159 काउंटी आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास काउंटींत एकही स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. या मृत्यूंची कारणं त्यांच्या 'मानसिकतेत' शोधणं हा मेलेल्या बायकांवर अन्याय आहे.

आता मुलींचं. किशोरवयीनांच्या लसीकरणाची अमेरिकेत दरवर्षी राष्ट्रीय पाहणी होते. एचपीव्हीचा निदान एक डोस घेतलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं-मुली गोऱ्यांच्या मागे नाहीत, कित्येक वर्षं तर ती पुढेच राहिली आहेत. कारणही सरळ आहे. 1994 पासून अमेरिकेत गरीब व विमा नसलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत लसी फुकट मिळतात. जिथे लस फुकट मिळते आणि कुणी नीट सांगतं, तिथे या आया मुलींना टोचून घेतात. अविश्वास जर त्यांच्या हाडीमाशी खिळलेला असता तर तो मुलींना अकराव्या वर्षी आणताना कुठे गेला होता?

मग खरं काय आहे? विशी-पंचविशीतल्या कृष्णवर्णीय तरुणींमध्ये, आणि त्यातही परदेशात जन्मून आलेल्यांमध्ये, लस घेतलेल्यांचं प्रमाण कमी दिसतं. हे खरं आहे. पण इथेच 'कृष्णवर्णीय' हा एकच रकाना आपल्याला फसवतो. अमेरिकेतल्या दर दहा कृष्णवर्णीयांमागे एक जण बाहेरच्या देशातून आलेला आहे. जमैका आणि हैती हे सर्वांत मोठे दोन उगम, त्यामागे नायजेरिया, इथियोपिया, घाना, सोमालिया. अलाबामातल्या कापूसपट्ट्यात सात पिढ्या राहिलेली बाई आणि परवा पोर्ट-ओ-प्रिन्सहून मायामीत उतरलेली बाई यांच्यात कातडीचा रंग सोडला तर भाषा, देव, स्वयंपाक, कागदपत्रं यातलं काहीही सारखं नाही. दोघींनी वेगवेगळ्या सरकारांचा आणि वेगवेगळ्या डॉक्टरांचा अनुभव घेतला आहे. त्यांना एका रकान्यात घालायचं, सरासरी काढायची आणि मग त्या सरासरीला एक स्वभाव चिकटवायचा, याला मी संशोधन म्हणायला तयार नाही.

हैतीच्या बाईचं बघा. टस्कीगी तिच्या आजीने ऐकलेलंही नसतं. तिची जखम वेगळी आहे. 1983 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एड्सचा धोका असलेल्या गटांच्या यादीत हैतीच्या माणसांना राष्ट्र म्हणून बसवलं. यादीतले इतर गट वागणुकीवरून किंवा आजारावरून ठरवलेले होते, हा एकच गट जन्मभूमीवरून. दोन वर्षांनी नाव यादीतून काढलं, पण तोवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, घरमालकांनी घरं नाकारली होती. 1990 च्या फेब्रुवारीत अन्न व औषध प्रशासनाने हैतीच्या लोकांचं रक्त घ्यायलाच बंदी केली. त्या एप्रिलमध्ये हजारो हैतीयन ब्रुकलिन पुलावरून चालत मॅनहॅटनमध्ये शिरले आणि वर्ष संपायच्या आत बंदी उठली. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूचं नाव काढून सरकारी डॉक्टर हैतीयन बाईच्या मुलीकडे वळतो, तेव्हा ती सावध होते. तिच्या जागी कोणीही झाली असती.

आणि तरीही तीच बाई काय करते ते मायामीत दिसलं. लिटल हैती या वस्तीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण फ्लोरिडाच्या सरासरीच्या सुमारे चौपट निघालं होतं. मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी वस्तीतल्याच, क्रेओल बोलणाऱ्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या दारोदार गेल्या. हातात एक छोटं पाकीट, त्यात नमुना घ्यायचं साधन. घरच्या न्हाणीघरात जाऊन स्वतःच नमुना घ्यायचा, परत पाकिटात घालायचा आणि सेविकेच्या हाती द्यायचा. कपडे उतरवून परक्या पुरुष डॉक्टरपुढे झोपायला नको, कामावरून रजा नको, विम्याचं कार्ड नको. वर्षानुवर्षं 'तपासणी टाळणाऱ्या' म्हणून नोंदल्या गेलेल्या बायकांनी मोठ्या संख्येने ते पाकीट घेतलं आणि नमुना घेऊन परत दिलं. त्यांचं मन आधी होतं तेच होतं. बदलली ती दारात उभी असलेली व्यक्ती आणि विचारण्याची रीत.

मिनेसोटातल्या सोमाली आयांची कथा आणखी बोलकी आहे. ती गोवराच्या लसीची आहे, पण इथे ती सांगायलाच हवी. 2004 च्या सुमारास त्या राज्यातल्या सोमाली मुलांपैकी सुमारे 92 टक्क्यांना गोवर-गालफुगी-रुबेलाची लस मिळालेली होती. दहा वर्षांत हा आकडा 42 टक्क्यांवर आला. सोमाली संस्कृती दहा वर्षांत बदलली का? झालं असं की काही आयांना आपल्या मुलांमध्ये ऑटिझम जास्त दिसू लागला, त्यांनी उत्तर मागितलं आणि आरोग्यखात्याकडून ते लवकर मिळालं नाही. मधल्या काळात अँड्र्यू वेकफिल्ड मिनियापोलिसला येऊन त्या आयांशी बोलून गेला. या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा ज्याचा शोधनिबंध मागे घेतला गेला आणि ज्याचा वैद्यकीचा परवाना रद्द झाला तो हा माणूस. 2017 मध्ये तिथे गोवराची साथ आली आणि आजारी पडलेली बहुतेक पोरं सोमाली होती. विश्वास होता. तो हिरावून नेला गेला, आणि नेणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे.

अलाबामातल्या बाईची आठवण पुन्हा निराळी. 1973 साली माँटगोमेरीत रेल्फ घराण्यातल्या दोन बहिणींची, एक बारा वर्षांची आणि दुसरी चौदा, नसबंदी करण्यात आली. दवाखाना केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिने कागदावर फुली काढून दिली. तिची समजूत अशी की मुलींना इंजेक्शनं द्यायची आहेत. नॉर्थ कॅरोलायनात 1974 पर्यंत सरकारी मंडळाच्या शिक्क्याने सुमारे 7,600 माणसांची प्रजननशक्ती काढून घेतली गेली. बारा वर्षांच्या मुलीला, पुढे मुलं होण्याशी संबंधित अवयवाच्या रोगावर, एक इंजेक्शन द्यायचं आहे असं जेव्हा अलाबामात कुणी सांगतं, तेव्हा आजी दोन प्रश्न जास्त विचारते. त्या प्रश्नांना 'लसविरोध' म्हणणाऱ्यांनी रेल्फ प्रकरण वाचलेलं नसतं, किंवा वाचून विसरलेलं असतं.

आता दवाखान्यात प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. अकरा वर्षांच्या मुलीला शाळेच्या फॉर्मसाठी आई घेऊन येते. या वयाला तीन लसी एकदमच द्यायच्या असतात: धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकल्याची एक, मेनिंजायटिसची एक आणि एचपीव्हीची एक. पहिल्या दोन बहुतेक राज्यांत शाळाच मागते. डॉक्टर म्हणतात, "आज हिच्या दोन लसी आहेत. आणखी एक असते, लैंगिक संबंधातून होणाऱ्या विषाणूवरची. सक्तीची नाही. तुम्ही विचार करून सांगा." आई मुलीकडे पाहते, मुलगी फरशीकडे. आई म्हणते, "पुढच्या वेळी बघू." संगणकावर नोंद होते: पालकांनी लस नाकारली. पुढची वेळ वर्षाने येते, किंवा येतच नाही. हेच डॉक्टर जर म्हणाले असते, "आज हिला तीन लसी देऊ, त्यातली एक कॅन्सर टाळणारी आहे," तर बहुतेक आया हो म्हणाल्या असत्या. डॉक्टरांनी असं थेट सांगितलं की लसीकरण वाढतं, हे अमेरिकेतल्याच चाचणीत दिसलं आहे. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित पालकांना डॉक्टरची शिफारसच कमी वेळा मिळते, आणि मिळाली की ते इतरांइतक्याच तयारीने लस घेतात, हेही अभ्यासांत आलेलं आहे. तरी प्रश्नावली काढली जाते ती आईसाठी. डॉक्टरच्या मनात काय चाललं होतं, याची प्रश्नावली मी क्वचितच पाहिली आहे.

विशीतल्या मुलीचं तर आणखी अवघड. फुकट लसीची सोय एकोणिसाव्या वाढदिवसाला संपते. 1996 च्या कायद्याने नव्याने आलेल्या बहुतेक कायदेशीर स्थलांतरितांना पहिली पाच वर्षं गरिबांसाठीचा सरकारी विमा मिळत नाही. लागोसहून विसाव्या वर्षी आलेल्या, दिवसा वृद्धाश्रमात काम आणि रात्री कॉलेज करणाऱ्या मुलीने शेकडो डॉलर खर्चून लस घेतली नाही, तर तिच्या 'दृष्टिकोनाचा' अभ्यास कशाला? तिच्या पगाराच्या चिठ्ठीचा करा.

याच सरकारने मध्यंतरी उलट टोकही गाठलं होतं. जुलै 2008 पासून ग्रीन कार्ड मागणाऱ्या 11 ते 26 वयाच्या मुली व स्त्रियांना एचपीव्हीची लस सक्तीची झाली. तीन डोसांचा खर्च 360 डॉलरच्या घरात, बहुतेकींनी पदरचा द्यायचा. अमेरिकी नागरिक असलेल्या मुलींवर देशपातळीवर अशी सक्ती कधीच नव्हती. स्त्री-आरोग्य संघटनांनी विरोध केला आणि डिसेंबर 2009 मध्ये अट मागे घेतली गेली. म्हणजे दीड वर्ष स्थलांतरित मुलींची या लसीशी ओळख झाली ती कागदपत्रं अडकवणारी अट म्हणून. त्यानंतर कुणी विचारतं की स्थलांतरित बायका या लसीकडे संशयाने का पाहतात.

'संस्कृती'बद्दल मला सर्वांत जास्त राग येतो. लस दिली तर मुलींना मोकळीक मिळाल्यासारखं होईल, ही भीती घानाच्या किंवा जमैकाच्या चर्चला जाणाऱ्या आईने बोलून दाखवली की ती 'सांस्कृतिक अडसर' ठरते. 2007 च्या फेब्रुवारीत टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी सहावीतल्या मुलींना ही लस आवश्यक करण्याचा आदेश काढला, तेव्हा नेमकी हीच भीती गोऱ्या ख्रिस्ती संघटनांनी जोरात मांडली आणि विधिमंडळाने तो आदेश हाणून पाडला. 2011 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार मिशेल बाकमन यांनी ही लस बुद्धीवर परिणाम करते असा निराधार दावा टीव्हीवर केला. त्या सगळ्याला अमेरिकेत राजकारण म्हटलं गेलं. गोऱ्या माणसाची भीती हे मत, काळ्या बाईची भीती ही संस्कृती, असा दुजाभाव संशोधनात चालू द्यायचा का?

आणि टस्कीगी. ती गोष्ट जवळजवळ नेहमीच उलटी सांगितली जाते. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं चाललेल्या त्या प्रयोगात सरकारी डॉक्टरांनी कुणाला सिफिलिस टोचला नव्हता. 399 माणसांना तो आधीच झालेला होता. गुन्हा हा होता की चाळीसच्या दशकात पेनिसिलीन हाताशी आलं, तरी ते त्यांना मिळू दिलं नाही. औषध असून न देणं हा तिथला अपराध. 2021 साली रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्या संघटनेने एक चित्रपट काढला. त्यात टस्कीगी दाखवून कृष्णवर्णीयांना लसींपासून दूर राहायला सुचवलं होतं. चार वर्षांनी हेच गृहस्थ देशाचे आरोग्यमंत्री झाले. ज्यांना औषध नाकारलं गेलं त्यांच्या नातवंडांनी आता आपणहून औषध नाकारावं, असा बोध त्या माणसांच्या हालांतून काढणं मला सहन होत नाही.

हेन्रिएटा लॅक्सचं नावही याच कामी जुंपलं जातं. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, वयाच्या 31 व्या वर्षी. तिच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या आणि हेला या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या. ऐंशीच्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने याच पेशींत एचपीव्हीचा 18 क्रमांकाचा प्रकार शोधला, आणि या विषाणूवरच्या कामासाठी त्यांना 2008 चं नोबेल मिळालं. आजच्या लसीत तो 18 क्रमांक आहे. तिला विचारलं नाही हा अन्याय, आणि तो कबूल करायला जगाने सत्तर वर्षं लावली. पण तिला मारणाऱ्या विषाणूवरची लस तिच्या नाती-पणत्यांपर्यंत पोचू नये, असं तिच्या नावाने कुणी म्हणू नये.

एक तक्रार मात्र पूर्ण खरी आहे आणि ती या बायकांच्या बाजूने मोठ्याने मांडायला हवी. नऊ प्रकारांवरच्या सध्याच्या लसीत 35 क्रमांकाचा प्रकार नाही. जगभरच्या सरासरीत तो किरकोळ ठरतो, म्हणून वगळला गेला. पण आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत, आफ्रिकेत आणि अमेरिकेतही, तो इतरांपेक्षा जास्त सापडतो. लस घेऊ नये असं यातून अजिबात निघत नाही. 16 आणि 18 हे प्रकार याही स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त जीव घेतात आणि लस त्यांना अडवते. पण सरासरी काढताना कुणाची गणना हलकी झाली, हा प्रश्न कंपन्यांना आणि नियामकांना विचारायला हवा. पुढच्या लसीत 35 यायला हवा.

विश्वासाची गोष्ट करणाऱ्यांनी रवांडाकडे पाहावं. 1994 च्या नरसंहारात सरकार, चर्च, शेजारी, सगळ्यांवरचा विश्वास ज्या देशात रक्तात बुडाला, त्या देशाने 2011 मध्ये राष्ट्रीय एचपीव्ही लसीकरण सुरू केलं. लस गरीब देशाला परवडेल का, आधी दुसरे रोग का नाहीत, असं युरोपातून विचारलं गेलं. आरोग्यमंत्री आग्नेस बिनाग्वाहो यांनी छापील उत्तर दिलं आणि काम चालू ठेवलं. लस शाळेत दिली, गैरहजर मुलींना गावच्या आरोग्यसेवकांनी घरी जाऊन गाठलं. पहिल्याच वर्षी सहावीतल्या 93 टक्के मुलींचे तिन्ही डोस पूर्ण झाले. त्याच वर्षी अमेरिकेत 13 ते 17 वयाच्या मुलींपैकी तिन्ही डोस झालेल्या जेमतेम 35 टक्के होत्या.

केनियात 15 ते 20 वयाच्या 2,275 तरुणींनी एका चाचणीत भाग घेतला. नेली मुगो, एलिझाबेथ बुकुसी यांच्यासारख्या केनियन संशोधिका तिच्या चालकांत होत्या. एकाच डोसने 16 व 18 या प्रकारांपासून अठरा महिन्यांत 97.5 टक्के संरक्षण मिळतं, असं 2022 मध्ये दिसलं. त्याच्या जोडीला दुसरा मोठा पुरावा आपल्याकडचा होता. बार्शी, पुणे, मुंबई अशा नऊ ठिकाणी 2009 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत दोन आणि तीन डोसांची तुलना करायची होती. तेवढ्यात खम्मम आणि वडोदऱ्यातल्या, याच लसीच्या एका वेगळ्या प्रकल्पावरून वादळ उठलं, कारण तिथे काही मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. 2010 च्या एप्रिलमध्ये सरकारने सगळंच थांबवलं. बार्शी-पुण्याच्या चाचणीतल्या सुमारे पाच हजार मुलींना त्यामुळे एकच डोस मिळाला. पुढे वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा तो एक डोसही टिकून राहिलेला दिसला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नायजेरियाने 9 ते 14 वयाच्या मुलींना एका डोसाने लस द्यायला सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींच्या दंडावरचा तो टोचा आज नायजेरियातल्या मुलींच्या कामी येतो आहे. खम्ममच्या आयांनी सह्यांबद्दल प्रश्न विचारले ते योग्यच होते. त्यांना अडाणी म्हणणारे आपल्याकडेही कमी नव्हते.

पुढची पाहणी काढणाऱ्यांना माझी मागणी आहे. 'तुम्हाला लसीवर विश्वास आहे का' हा प्रश्न बाईला विचारण्याआधी तिचा जन्म कुठला, ती या देशात कितव्या वर्षी आली आणि घरात कोणती भाषा बोलते, ते लिहून घ्या. तिला लसीबद्दल कुणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगितलं ते विचारा. मग तिच्या डॉक्टरला तेच विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी छापा.